एम्प्रेस मिलचा हजेरीपट

नागपूरच्या जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी घेतली, तेव्हा एका स्थानिक सावकाराने भांडवल द्यायला साफ नकार दिला. हा माणूस खड्डे बुजवायला सोने ओततो आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे गिरणीचा नफा पाहिल्यावर ‘टाटांनी माती ओतली आणि सोने काढले’ अशी कबुली त्यानेच दिली, असे जमशेटजींचे चरित्रकार सांगतात. किस्सा झकास आहे. त्यात टाटा आहेत, सावकार आहे, माती आणि सोनेही आहे. ते काढण्यासाठी रोज भोंग्याला हजर होणारा कामगार तेवढा नाही.

आणि खरी अडचण त्याच्याच हजेरीची होती. कंपनी 1874 साली 15 लाख रुपयांच्या भांडवलावर स्थापन झाली. नाव लांबलचक : सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. व्हिक्टोरिया राणीला दिल्लीत ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून घोषित केले गेले, त्याच दिवशी, 1 जानेवारी 1877 रोजी, गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. रेल्वे नागपुरात 1867 सालीच पोचली होती, वर्धा-हिंगणघाटचा कापूस हाताशी होता आणि वरोऱ्याचा कोळसाही फार लांब नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना कच्चा माल शेकडो मैलांवरून आणावा लागे. इथे तो दारात होता. पण मुंबईचा कामगार घर सोडून आलेला असे. नागपूरच्या गिरणीत येणाऱ्यांची गावे जवळ, शेती जवळ, घरातला हातमागही जवळ. पेरणी, लग्न, जत्रा, आजारपण यांपैकी काहीही निघाले की पटावरचे नाव तसेच राहायचे आणि साचा बंद पडायचा. मालकाच्या भाषेत हा आळस. वाफेच्या इंजिनाआधी या भागात पावसाचे वेळापत्रक चालत होते, एवढाच त्याचा अर्थ.

गिरणीचा कारभार पाहायला आलेले बेझनजी दादाभाई मेहता जीआयपी रेल्वेच्या माल खात्यातून आलेले. सूत कसे काततात याची त्यांना काही माहिती नव्हती, आणि जमशेटजींना ते चालले. यंत्रांचे ज्ञान असलेला इंग्रज तज्ज्ञ जेम्स ब्रुक्सबी होताच. माणसे आणि माल वेळेवर हलवणारा कोणीतरी हवा होता. पुढे हेच मेहता ‘सर बेझनजी’ झाले.

गैरहजेरीवर त्या काळचा सर्वमान्य उपाय होता दंड. उशिरा आला, कापड बिघडले, उलट बोलला की पगारातून कापा. या दंडावर कायद्याने मर्यादा यायला 1936 साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वेतन कायद्याने रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त दंड करायला मनाई केली. नागपुरात दंडाचा उपयोग मर्यादित होता, कारण दंड झालेला माणूस सरळ गावी निघून जाऊ शकत होता. म्हणून जमशेटजी आणि बेझनजींनी उलटा रस्ता धरला. नियमित येणाऱ्या आणि चांगले काम करणाऱ्या कामगारांना बक्षिसे देण्याचा वार्षिक समारंभ सुरू झाला. रोख रक्कम, घड्याळासारख्या वस्तू, आणि चारचौघांत घेतलेले नाव. त्याच्या जोडीला खेळांचे सामने आणि कुटुंबांना बोलावून केलेले मेळावे. ज्याच्या घरी वेळ सूर्यावर कळत होती, त्याला हजेरीबद्दल घड्याळच द्यायचे, यात बेझनजींच्या रेल्वेतल्या सवयीचा भाग किती होता कोण जाणे!

बक्षीस वर्षातून एकदा. म्हातारपण मात्र कायमचे. हे ओळखून गिरणीने 1886 साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि 1895 पासून कामावर अपघात झालेल्यांना भरपाई द्यायला सुरुवात केली. या तारखांचे महत्त्व शेजारी दुसऱ्या तारखा ठेवल्यावरच कळते. कामगार भरपाईचा कायदा हिंदुस्थानात 1923 साली झाला, भविष्यनिर्वाह निधीचा 1952 साली, उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा 1972 साली. गिरणीत आर्द्रता राखणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारेही बसवले गेले. उदारपणा होता, आणि हिशेबही होता : सुताला दमट हवा लागते, आणि शिकवलेला कामगार टिकला तर नवा शिकवावा लागत नाही. हिशेब होता म्हणून उपकार खोटा ठरत नाही, पण त्याला नुसता उपकार म्हणणेही चूक आहे.

कारण याच गिरणीची दुसरी नोंद आहे, आणि ती गौरवग्रंथांत सहसा सापडत नाही. 1877 साली, म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, मजुरीच्या दरावरून एम्प्रेस मिलमध्ये संप झाला. भारतातल्या कामगार चळवळीच्या इतिहासांत तो अगदी सुरुवातीच्या संपांपैकी एक म्हणून येतो. निवृत्तिवेतनाची योजना त्यानंतर नऊ वर्षांनी आली. संपामुळेच ती आली असे कोणी म्हणणार नाही. पण कामगार मालकाच्या विचारात आले ते बक्षिसाच्या यादीतूनच, असेही म्हणता येणार नाही.

सुरक्षितता कोणाला, हाही प्रश्न होता. गिरणीच्या जगात कायम कामगार वेगळा आणि बदली वेगळा. बदलीवाल्याने फाटकापाशी उभे राहायचे, कोणी आले नाही तर त्या दिवशी काम. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस त्याला मिळणार कसे, जेव्हा त्याचे काम दुसऱ्याच्या गैरहजेरीवर चालते? मुंबईच्या गिरण्यांत तर अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेशच नव्हता. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न लावून धरला. गुणवत्तेला बक्षीस देण्याआधी गुण दाखवायची जागा मिळावी लागते. पुढच्याच वर्षी, 1929 च्या नोव्हेंबरात, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटक या कामगार संघटनांच्या महासंघाचे अधिवेशन नागपुरात भरले आणि तिथेच संघटना फुटली. वादाचा एक मुद्दा होता सरकारने नेमलेल्या व्हिटली कामगार आयोगावर बहिष्कार घालायचा की नाही. त्या काळातल्या नागपूरच्या गिरणी कामगारांचे पुढारी होते आर. एस. रुईकर. नोकरीची हमी मालकाच्या मर्जीने मिळते की संघटनेच्या जोरावर, हा वाद या शहराने आपल्या मांडवात ऐकलेला आहे.

हा सगळा इतिहास पाहायचा कुठे? शाळेच्या सहलीतून नागपूरचे मूल हमखास जाते ते अजब बंगल्यात. मध्यवर्ती संग्रहालय हे त्याचे सरकारी नाव. स्थापना 1863, चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळातली. शिल्पे, शिलालेख, शस्त्रे, पेंढा भरलेले पशुपक्षी, आदिवासी कला, चित्रे. मुलांची गर्दी अर्थातच वाघापाशी, मोठ्यांची तलवारींपाशी, आणि शिलालेखांच्या दालनात पंख्याचा आवाज ऐकू येतो. गिरणी कामगाराचे वेगळे दालन या यादीत नाही.

असे दालन कसे असू शकते, याची उदाहरणे परदेशात आहेत. अमेरिकेतल्या लॉवेल गावी बूट कॉटन मिल्सच्या संग्रहालयात जुने माग प्रत्यक्ष चालवून दाखवतात, आणि पाहुण्यांना कानात घालायला बोळे देतात. तो खडखडाट ऐकला की सबंध पाळी तिथे उभे राहणे म्हणजे काय, हे फलक न वाचताही समजते. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कला तिथले गिरणीमालक रॉबर्ट ओवेन यांचा ‘मूक निरीक्षक’ पाहायला मिळतो : लाकडाचा छोटा चौकोनी ठोकळा, चार बाजूंना चार रंग. आदल्या दिवशीचे काम वाईट तर काळा, उत्तम तर पांढरा, मधल्या पायऱ्यांना निळा आणि पिवळा. तो कामगाराच्या जागेवरच टांगलेला असे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. ओवेन मारहाणीविरुद्ध होते, त्यामुळे तो काळ पाहता ही सुधारणाच. तरीही सगळ्यांदेखत काळा रंग लटकवून घेणे कसे वाटत असेल, हा विचार त्या ठोकळ्यापुढे टळत नाही. बेझनजींच्या समारंभातही नावे चारचौघांतच घेतली जात. फरक असा की तिथे फक्त पांढरा रंग दाखवला जाई.

एम्प्रेस मिलला अशी संधी मिळाली नाही. 1986 साली टाटांचा संबंध संपला, गिरणी राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 साली कायमची बंद पडली. त्या जागेवर आता ‘एम्प्रेस सिटी’ नावाचा मॉल आहे. टाटा उद्योगसमूहाची जुनी कागदपत्रे पुण्याच्या टाटा सेंट्रल अर्काइव्हजमध्ये जपली जातात; ती संस्था 1991 ची. गिरणी बंद पडली त्याच 2002 सालच्या डिसेंबरात नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय उघडले. सातपुड्यात धावलेली छोटी इंजिने तिथे रंगरंगोटी करून उभी आहेत. रेल्वेला आपल्या वस्तू ठेवायला स्वतःची जमीन होती, स्वतःचे कर्मचारी होते. मिलच्या जमिनीला तोवर बाजारभाव आला होता.