‘ग्रिडलॉक’ : वाहतूकशास्त्रातील एका संज्ञेचे राजकीय स्थलांतर

आधुनिक इंग्रजीत ‘ग्रिडलॉक’ हा शब्द मुख्यतः दोन अर्थांनी रूढ आहे. शहरातील वाहतूक सर्व दिशांनी खिळून राहणे हा पहिला अर्थ. कायदेमंडळाचे कामकाज पक्षोपपक्षांच्या अडवणुकीने कुंठित होणे हा दुसरा. दुसरा अर्थ पहिल्यापासून निष्पन्न झाला, आणि तोही अवघ्या बारा-पंधरा वर्षांत. एका क्षेत्रातील शब्द दुसऱ्या क्षेत्रात जातो तेव्हा मूळ क्षेत्रातील कार्यकारणभावाची समजूतही तो बरोबर नेतो. ती समजूत नव्या क्षेत्रास कितपत लागू पडते, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. राज्यसंस्थेच्या इतिहासाचाही आहे.

प्रथम मूळ अर्थ पाहू. ‘ग्रिड’ म्हणजे काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची जाळी. साधी गर्दी आणि ग्रिडलॉक यांत वाहतूक-अभियंते भेद करतात. गर्दीत वाहने मंदगतीने का होईना, पुढे सरकतात. ग्रिडलॉकची घडण निराळी असते. पुढे जागा नसताना एखादे वाहन चौकात शिरते. दिवा बदलतो आणि आडव्या रस्त्यावरील वाहने त्यामुळे अडतात. त्यांची रांग मागील चौकापर्यंत पोहोचून तो चौक अडविते. याच क्रमाने घरांच्या एका चौकोनी गटाभोवती चारही बाजूंनी रांगा जुळल्या, म्हणजे शेवटची रांग पहिलीच्या सुटण्याची वाट पाहते आणि पहिली शेवटचीच्या. येथे कोणी शत्रू नसतो. प्रत्येक चालकाने केलेला अपराध काय तो चार पावले पुढे येण्याचा.

हा शब्द न्यूयॉर्कमध्ये जन्मावा, यात नवल नाही. मॅनहॅटनची जाळी १८११ च्या आयुक्त-योजनेने आखली गेली. तीत १५५ आडवे रस्ते आणि त्यांस छेदणारे १२ उभे राजमार्ग होते. आडव्या रस्त्यांपैकी बहुतेकांची रुंदी ६० फूट ठरविण्यात आली. मोटारीची कल्पनाही त्या काळी नव्हती. शहराच्या वाहतूक विभागातील अभियंते सॅम श्वार्ट्झ यांच्या सांगण्याप्रमाणे, त्यांचे सहकारी रॉय कॉटम व ते स्वतः हा शब्द १९७० नंतरच्या दशकात कार्यालयीन बोलण्यात वापरीत असत. एप्रिल १९८० मध्ये भुयारी रेल्वे व बस कामगारांनी ११ दिवस संप केला. मोटारींचा लोंढा मॅनहॅटनमध्ये लोटल्यास जाळी खिळेल, ही भीती त्या वेळी उघडपणे बोलली गेली. वृत्तपत्रांनी शब्द उचलला आणि तो सर्वतोमुखी झाला.

राजकारणाने तो उचलण्यास फार काळ लागला नाही. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी अध्यक्षपद रिपब्लिकन पक्षाकडे, तर काँग्रेसची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. ‘वॉशिंग्टनमधील ग्रिडलॉक’ मोडून काढण्याचे आश्वासन त्या प्रचारात वारंवार दिले गेले. या प्रयोगात एक निदान गृहीत होते : कायदे होत नाहीत ते सत्ता दोन पक्षांत विभागल्यामुळे.

हे निदान पुराव्यावर टिकणारे नव्हते. डेव्हिड मेह्यू यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १९४६ ते १९९० या काळातील महत्त्वाच्या कायद्यांची मोजदाद केली होती. सत्ता एका पक्षाकडे असताना व विभागलेली असताना झालेल्या कायद्यांच्या संख्येत त्यांना फारसा फरक आढळला नाही. पुढे १९९३ मध्ये अध्यक्षपद व दोन्ही सभागृहे एकाच पक्षाकडे आली; तरीही आरोग्यविम्याची बहुचर्चित योजना १९९४ मध्ये बारगळलीच. सिनेटमधील चर्चा लांबवून विधेयक रोखण्याची प्रथा आणि ती मोडण्यास १९७५ पासून लागणारे तीनपंचमांश मत ध्यानात घेतल्यास, केवळ बहुमत पुरेसे का पडत नाही हे उमगते.

याहून मूलगामी मुद्दा राज्यघटनेचा आहे. वाहतुकीची जाळी वाहने चालावीत म्हणून असते. ती खिळणे हा तिचा बिघाड होय. उलट, १७८७ च्या अमेरिकन घटनेत दोन सभागृहे, अध्यक्षाचा नकाराधिकार आणि सत्ताविभाजन यांची योजना घाईचा कायदा अडावा याच हेतूने केलेली आहे. येथे एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. त्या घटनेच्या अंतिम मसुद्यास शब्दरूप देणारे गुव्हर्नर मॉरिस (हे त्यांचे नाव, पद नव्हे) हेच १८११ च्या योजनेच्या तीन आयुक्तांपैकी एक होते. दोन्ही रचनांना एकाच गृहस्थाचा हात लागला. तथापि एकीत थांबणे हा दोष आहे, तर दुसरीत ती, निदान काही अंशी, योजना आहे. ‘ग्रिडलॉक’ या शब्दाने हा भेद पुसला जातो. तसेच, रस्त्यावर कोणीही हेतुपुरस्सर अडलेला नसतो. सभागृहात मात्र अडविणारे सदस्य बहुधा जाणूनबुजून आणि आपल्या मतदारांच्या वतीने अडवीत असतात. त्यांची जबाबदारी शब्दाच्या आड लपते.

या दृष्टीने मराठीतील ‘कोंडी’ या प्रतिशब्दाशी तुलना उद्बोधक ठरते. ‘कोंडी’ हे ‘कोंडणे’ या सकर्मक क्रियापदाशी निगडित आहे. कोंडणारा व कोंडला जाणारा, असे दोन पक्ष त्यात अभिप्रेत असतात. म्हणूनच मराठीत कोंडी ‘केली’ जाते, प्रतिपक्षास कोंडीत ‘पकडले’ जाते आणि ती ‘फोडावी’ लागते. वाहतुकीची कोंडी मात्र केवळ ‘होते’. म्हणजे आपल्या भाषेत कर्त्याची जाणीव असलेला शब्द रस्त्यावर येताना कर्ता गमावतो, तर इंग्रजीत कर्ता नसलेला शब्द रस्त्यावरून सभागृहात जातो. ‘चक्का जाम’ या प्रयोगात वाहने थांबतात, पण ती थांबविणारे आंदोलक उघडपणे समोर असतात, हेही येथे लक्षात घ्यावे.

यास्तव ‘पोलिटिकल ग्रिडलॉक’चे भाषांतर ‘राजकीय कोंडी’ असे करताना अभ्यासकाने सावध राहावयास हवे. मूळ शब्द ज्या प्रश्नास वाट देत नाही, तो ‘कोंडी कोणी केली आणि घटनेतील कोणत्या तरतुदीच्या आधारे?’ हा प्रश्न मराठी शब्द सहज उपस्थित करतो. अमेरिकन कायदेमंडळाच्या इतिहासाचे विवेचन त्या प्रश्नापासून सुरू करणे अधिक फलदायी ठरेल.