तारेचा मुखवटा

मुखवट्याचा इतिहास सांगणारे लोक बहुधा लांकडापासून सुरुवात करतात, चामड्यावर थोडा वेळ रेंगाळतात आणि कागदाच्या लगद्यापाशीं येऊन थांबतात. तारेच्या मुखवट्याची विचारपूस फारशी कोणी करीत नाहीं. त्याचें कारणहि उघड आहे. तारेच्या जाळीचा मुखवटा दिसावयास साधा, किंमतीस हलका. त्याला ना देवळाचा आधार, ना राजसभेचा. असें असूनहि गेल्या दोनशें वर्षांत, ज्यांना स्वतःचा चेहरा उघडपणें मिरविण्याची सोय नव्हती अशा कांहीं लोकांनीं हाच मुखवटा मनापासून आपलासा केला. असें कां झालें हें पाहण्यासारखें आहे.

पहिलें कारण त्याच्या घडणींतच आहे. लांकडी किंवा कागदी मुखवटा चढविला कीं माणूस निम्मा आंधळा होतो. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाड्यांत जड मुखवटे घालून नाचणाऱ्यांना डोळ्यांच्या भोकांतून जेवढें दिसेल तेवढ्या जगावरच भागवावें लागतें. जाळीच्या मुखवट्याची तऱ्हा उलटी. त्याला डोळ्यांसाठीं भोकें पाडावीं लागत नाहींत, कारण तो सगळाच भोकांचा बनलेला असतो. जुन्या वाड्यांतील चिकाचा पडदा ज्यांनीं पाहिला आहे त्यांना याचें मर्म समजावून सांगावयास नको. आंत अंधार आणि बाहेर उजेड. त्यामुळें आंतल्या बाईला रस्त्यावरचें सगळें दिसे, आणि रस्त्यावरच्या माणसाला पडद्याखेरीज कांहीं दिसत नसे. जाळीच्या बाहेरच्या अंगाला रंग दिला कीं उजेड त्या रंगावरच अडतो, आणि पाहणाऱ्याला एक रंगविलेला, निश्चल चेहरा तेवढा दिसतो. डोळ्यांना अगदीं लागून असलेल्या तारा मात्र घालणाऱ्याला जवळ जवळ जाणवतच नाहींत. सारांश, पाहावें सर्व आणि दिसूं नये कांहींच, ही सोय या एका मुखवट्यांत जितकी साधली आहे तितकी दुसऱ्या कोणत्याहि मुखवट्यांत साधलेली नाहीं.

मुखवटा म्हटला कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें व्हेनिस उभें राहतें, आणि तें यथार्थच आहे. इ. स. १२६८ मधील तेथील एका निर्बंधांत, मुखवटे घातलेल्यांनीं सुगंधी पाण्यानें भरलेलीं अंडीं लोकांवर फेकूं नयेत, असें बजावलेलें आहे. १४३६ सालीं मुखवटे करणाऱ्या कारागिरांची स्वतंत्र नियमावली झाली. पुढें अठराव्या शतकांत ‘बाऊता’ नांवाचा वेष सर्वमान्य झाला : पांढरा मुखवटा, काळा झगा आणि तिकोनी टोपी. या मुखवट्याचा खालचा भाग पुढें आलेला असल्यामुळें तो न काढतां खातां-पितां येई आणि आवाजहि बदले. त्याच्या आड सरदार कोण आणि सामान्य कोण हें कळत नसे. स्त्रियांसाठीं ‘मोरेत्ता’ म्हणून काळ्या मखमलीचा एक लंबवर्तुळाकार मुखवटा असे. त्याला बंद नसत. आंतल्या बाजूला असलेली गुंडी दांतांत धरूनच तो तोंडावर ठेवावा लागे. अर्थात् तो घातला असतां बोलणें अशक्य. ज्या समाजानें मुखवट्याखालीं पुरुषाला घटकाभर समता दिली त्यानेंच स्त्रीला मौन दिलें, ही गोष्ट मला त्या शहराच्या साऱ्या प्रसिद्ध चित्रांपेक्षां अधिक बोलकी वाटते.

पण तारेचा मुखवटा लोकप्रिय होण्यास कारण झालें तें व्हेनिस नव्हे, रोम. तेथील कार्निव्हलची मुख्य मौज म्हणजे कोर्सो या लांबलचक रस्त्यावर गाड्यांतून आणि सज्जांतून एकमेकांवर ‘कोंफेत्ती’ फेकणें. मुळांत हे साखरेचे पाक दिलेले धने, म्हणजे आपल्या हलव्याचेच भाऊबंद. परंतु उधळण्यासाठीं साखर कितीशी परवडणार? लवकरच खडू आणि चुन्यासारख्या पदार्थांच्या गोळ्या करण्यांत येऊं लागल्या. जर्मन कवि ग्योटे यानें १७८८ सालचा रोमचा उत्सव पाहून त्यावर जो निबंध लिहिला त्यांत या गोळ्यांच्या लढाईचें वर्णन आहे. अशी गोळी डोळ्यांत गेली तर मौजेचें रूपांतर कशांत होईल हें सांगावयास नको. म्हणून गाडींतून फिरणारे सुखवस्तु लोक तोंडावर तारेची जाळी बांधूं लागले. चार्ल्स डिकन्सनें इटलीच्या प्रवासावरील आपल्या १८४६ सालच्या पुस्तकांत अशा मुखवट्यांचा उल्लेख केला आहे. गोव्यांतील जुन्या ‘इंत्रुज’मध्यें पीठ आणि रंग उडविण्याची जी चाल होती ती याच कुळांतली, पोर्तुगीजांबरोबर ती आली.

याच सुमारास तलवारबाजीच्या आखाड्यांतहि तारेची जाळी शिरली. तिचें श्रेय अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील ला बोएसिएर नांवाच्या फ्रेंच वस्तादाला देतात. म्हणजे आखाडा असो कीं उत्सव असो, तारेच्या मुखवट्याचा मूळ हेतु चेहरा लपविणें हा नव्हता. डोळे वांचविणें हा होता. पुढें कारखान्यांत विणलेली जाळी चेहऱ्याच्या साच्यावर दाबून, कडा पट्टीनें बांधून आणि वर तैलरंगानें भुवया, ओठ, मिशा काढून हे मुखवटे मोठ्या संख्येनें तयार होऊं लागले. अमेरिकेंतील ‘ऑड फेलोज’ या बंधुसंघाच्या दीक्षाविधींतहि ते वापरले जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोळ्यांच्या जागीं कागदाचे तुकडे आले आणि युरोपांतील उत्सवांत या ढालीची गरज संपली.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा अंत १७९७ च्या मे महिन्यांत नेपोलियनच्या हातून झाला, आणि तेथील मुखवट्यांनाहि उतरती कळा लागली. त्या कार्निव्हलचें पुनरुज्जीवन १९७९ नंतरचें आहे. आज तेथें आणि अन्यत्र जे नाजूक तारकामाचे अर्धमुखवटे विकले जातात ते या पुनरुज्जीवनाचें अपत्य होत. हातानें केलेल्या मुखवट्यांत आधीं जाड तारेची चौकट चेहऱ्याच्या साच्यावर वळवितात, डोळ्यांचे घेर आणि नाकाचा कणा पक्का करतात, आणि मग केंसासारख्या बारीक तारेची वेलबुट्टी त्या चौकटींत गुंफून मधून मधून मणी व खडे ओवतात. तारेचें प्रत्येक टोंक आंत मुडपून लपवावें लागतें. नाहीं तर तें गालाला बोंचतें. कटकच्या चांदीच्या तारकामाची आठवण व्हावी असें हें काम आहे. यंत्रानें पत्रा कापून केलेले मुखवटेहि याच नांवाखालीं खपतात, पण हात फिरविला कीं फरक कळतो. या कारागिरींत मी उणें काढीत नाहीं. मात्र हा मुखवटा नव्हे, हा चेहऱ्याचा दागिना आहे. त्याच्या आड कोणी लपूं शकत नाहीं, आणि लपावें अशी तो घालणाराची इच्छाहि नसते.

लपण्याची गरज होती ती दुसऱ्याच लोकांना. जमेका बेटांत उंसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांना नाताळचे कांहीं दिवस मोकळीक मिळे. त्या दिवसांत ‘जाँकुनू’ नांवाची सोंगांची मिरवणूक निघे. एडवर्ड लाँग यानें १७७४ सालच्या आपल्या जमेकाच्या इतिहासांत तिची नोंद केली आहे. बेलिसारियो या तेथेंच जन्मलेल्या चित्रकारानें १८३७-३८ मध्यें या सोंगांचीं शिलामुद्रित चित्रें प्रसिद्ध केलीं. १ ऑगस्ट १८३८ रोजीं गुलामगिरी पूर्णपणें संपली. म्हणजे हीं चित्रें अगदीं त्या उंबरठ्यावरचीं आहेत. त्यांतील एकाच्या डोक्यावर मालकाच्या वाड्याची प्रतिकृति आहे, आणि तोंडावर गोरा मुखवटा आहे. आपल्याकडे म्हण आहे कीं सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं. या लोकांनीं नेमकें तेंच सोंग आणलें. धन्यांना त्याचें केवळ कौतुक वाटे असें नाहीं. १८४१ सालीं किंग्स्टनच्या नगराध्यक्षानें ही मिरवणूक बंद करूं पाहिली तेव्हां दंगल उसळली. स्वतंत्र झालेल्या माणसाचें सोंग गुलामाच्या सोंगापेक्षां राज्यकर्त्यांना अधिक झोंबलें, असाच याचा अर्थ केला पाहिजे.

युरोपांत तयार झालेले जाळीचे मुखवटे या बेटांत येऊन पोहोंचले आणि जाँकुनूच्या सोंगांना ते जणुं मापून शिवल्यासारखे बसले. रोमांत ज्या जाळीनें श्रीमंताचे डोळे वांचविले तीच येथें गोऱ्या रंगानें रंगवून काळ्या माणसाच्या तोंडावर चढली.

याची सर्वांत पूर्ण कथा गारिफुना लोकांची आहे. कॅरिबियन समुद्रांतील सेंट व्हिन्सेंट बेटावर मूळचे कॅरिब आणि आफ्रिकेंतून आलेले लोक यांच्या मिश्रणानें हा समाज बनला. इंग्रजांशीं त्यांनीं दीर्घकाळ लढा दिला. त्यांचा नायक साटुये १७९५ मध्यें पडला. शेवटीं इंग्रजांनीं हजारों गारिफुनांना बालिसो नांवाच्या ओसाड बेटावर कोंडलें. तेथें त्यांच्यापैकीं सुमारें निम्मे रोगराईनें आणि उपासमारीनें मेले. उरलेल्यांना जहाजांत घालून १७९७ च्या एप्रिलांत होंडुरासजवळील रोआतान बेटावर सोडण्यांत आलें. व्हेनिसचे मुखवटे उतरण्यास तेव्हां एक महिना अवकाश होता.

तेथून हे लोक मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यानें पसरले. आजच्या बेलीझ देशांत त्यांच्या आगमनाचा दिवस १९ नोव्हेंबर म्हणून पाळतात, आणि तो १८३२ सालच्या आगमनाच्या स्मरणार्थ आहे. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत तेथें ‘वानारागुआ’ नाचतात. नाचणाऱ्याच्या डोक्यावर पिसांचा आणि कागदी फुलांचा मुकुट, गुडघ्यांना कवड्यांचे घोळ, अंगांत पांढरा सदरा, त्यावर फुलीसारख्या बांधलेल्या फिती आणि तोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा, फिकट गुलाबी रंगाचा. त्यावर रेखलेल्या भुवया आणि बहुधा एक नाजूक मिशी. हा चेहरा कोणाचा हें कोणाला सांगावें लागत नाहीं. तो इंग्रज अंमलदाराचा आहे. त्यांच्या परंपरेंत दुसरीहि एक कथा आहे, ती अशी कीं लढाईच्या दिवसांत पुरुषांनीं स्त्रीवेष घेऊन इंग्रज शिपायांना चकविलें, त्याचें स्मरण म्हणून हा नाच. दोन्ही कथा एकदम खऱ्या असण्यास हरकत नसावी. या नाचांत एक विशेष आहे. एरवीं ढोल वाजतो आणि पाय त्यामागून जातात. येथें वादक नाचणाऱ्याच्या पायांकडे टक लावून बसतो आणि त्याच्या हालचालीप्रमाणें वाजवितो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनीं हुकूम ऐकले त्यांनीं त्या गुलाबी चेहऱ्याआड आल्यावर हुकूम सोडावे, हें मला अत्यंत स्वाभाविक वाटतें.

योगायोग असा कीं लुइझियानांतील केजन लोकांच्या पूर्वजांनाहि इंग्रजांनींच १७५५ पासून नोव्हा स्कोशियांतून हांकललें होतें. कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारीं त्यांचीं टोळकीं खेड्यांतून दारोदार हिंडतात आणि सामुदायिक जेवणासाठीं कोंबडी मागतात. त्यांचे मुखवटे डांस-माश्यांसाठीं खिडकीला लावावयाच्या जाळीचे. लोंकरीच्या धाग्यानें भुवया व ओठ शिवलेले, नाक कापडाचें. ते घरींच करतात, आणि करणाराचा हात त्याच्या टांक्यांवरून गांवकऱ्यांना ओळखूं येतो. १९२४ सालीं त्या राज्यानें मुखवट्यांवर बंदीचा कायदा केला तो कू क्लक्स क्लॅनच्या बुरख्यांना आळा घालण्यासाठीं. काळ्या माणसांना जाळणारे-मारणारे लोकहि तोंड झांकूनच येत, हें विसरून चालणार नाहीं. कायदा करणाऱ्यांना हा फरक कळत होता; त्यांनीं त्या मंगळवाराला सूट ठेवली. कोंबडी मागावयास आलेल्या मुखवट्यापुढें घरधनीण दार उघडते, आंत कोण असेल याचा अंदाज बांधते आणि हंसत कोंबडी अंगणांत सोडून देते. ती पकडण्यासाठीं सगळीं सोंगें एकदम चिखलांत धांवतात.