मूळ चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर?

आमच्या गोडादऱ्यात ‘ओरिजिनल’ आणि ‘कॉपी’ हे दोन शब्द भाजीच्या भावाइतके रोजचे आहेत. साडीची एखादी डिझाईन बाजारात चालली की लगेच तिची नक्कल दुसरीकडून निघते. इथल्या गल्ल्यांत खानदेशातून आलेल्या कितीतरी बायका घरबसल्या साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात. मूळ माल कोणता आणि त्यावरून काढलेला कोणता, हे त्या हातात घेताच सांगतात. कापडावरून बोट फिरवलं की कळतं, म्हणतात. चित्राचंही तसंच आहे. फक्त तिथे बोटाऐवजी डोळा फिरवावा लागतो. आणि त्यासाठी मूळ चित्र समोर असावं लागतं. छापील पानावर रंग असतात, पण रंगाचा थर नसतो. आकृती असते, पण तिचं खरं माप नसतं.

मग चित्रकला शिकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, मूळ चित्रं लावावीत की ती कुलपात सांभाळावीत? प्रश्न साधा वाटतो. पण आपल्याकडे त्याला फार जुना इतिहास आहे, आणि त्यात नुकसानही पुष्कळ आहे.

आम्हा जैनांकडे ग्रंथालय आणि चित्रशाळा ही दोन वेगळी घरं कधी नव्हतीच. पोथी हेच चित्राचं घर. जैसलमेरच्या ज्ञानभांडारात ताडपत्रावरची ओघनिर्युक्तीची सचित्र पोथी आहे, तिचं साल इसवी सन 1060. पुढे कागद आला, पानं जरा रुंद झाली, आणि गुजरात-राजस्थानात कल्पसूत्राच्या पोथ्या लाल, निळ्या, सोनेरी रंगांत लिहिल्या-रंगवल्या जाऊ लागल्या. त्यातल्या माणसांचा दुसरा डोळा चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येतं, मग तोच डोळा लक्षात राहतो. ही चित्रं पाहायची ठरलेली वेळ असे. पर्युषणात कल्पसूत्राचं वाचन होतं, तेव्हा पोथीतली चित्रं श्रावकांना दाखवायची रीत आहे. आणि कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, पोथ्यांची पूजा होते. पूजा म्हणजे नुसतं कुंकू-अक्षता नाही. पावसाळा नुकताच संपलेला असतो. चार महिने बंद असलेल्या पोथ्या बाहेर काढायच्या, धूळ झटकायची, हवा द्यायची, नवं वेष्टन बांधायचं. कसर लागू नये म्हणून भांडारात घोडावज, म्हणजे आपलं वेखंड, ठेवत. धर्माच्या तिथीत जतनाचं शास्त्र असं बसवलेलं आहे. सांभाळायचं आणि दाखवायचं, दोन्ही कामं एकाच दिवशी.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर्नाटकात मूडबिद्रीला षट्खंडागमावरच्या धवला टीकेच्या ताडपत्री पोथ्या होत्या, बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, काही पानांवर सुंदर चित्रं असलेल्या. पिढ्यान् पिढ्या लोक जायचे, लांबून दर्शन घ्यायचे, नमस्कार करायचे आणि परत यायचे. वाचणारं कुणी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मूळचे सुरतचे, मुंबईत जवाहिऱ्याचा व्यवसाय करणारे शेठ माणिकचंद हिराचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी पुढाकार घेतला, तेव्हा कुठे त्या पोथ्यांची नक्कल करायला सुरुवात झाली. छापील पहिला भाग निघायला 1939 साल उजाडलं, आणि तो निघाला आपल्या अमरावतीहून, प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली. म्हणजे मूळ वस्तू जिवंत राहिली खरी, पण शेकडो वर्षं ती कुणाच्या उपयोगाला आली नाही. कुलूप हे नेहमीच जतन नसतं.

आता मुंबईकडे येऊ. आपल्या शेजारच्या नवसारीत लहानपण गेलेले जमशेटजी जीजीभाई यांनी 1853 मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 मध्ये त्यांच्या नावानं कलाशाळा सुरू झाली, तीच सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. 1865 मध्ये तिथे शिकवायला विलायतेहून जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग आले. शिक्षण कसं? तर ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवायच्या आणि मुलांनी त्यावरून रेखाटन करायचं. मूळ ग्रीस नाही आणि मूळ हिंदुस्थानही नाही. ग्रिफिथ्सच्या मनात आलं की या मुलांना त्यांच्याच देशातल्या चित्रांपुढे बसवावं. आणि ती चित्रं होती अजिंठ्यात.

अजिंठ्याची नक्कल त्याआधी एकानं केली होती. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून अनेक वर्षं तिथे राहिला आणि भिंतींवरच्या चित्रांच्या मोठाल्या तैलप्रती त्यानं तयार केल्या. त्या लंडनला पाठवल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि 1866 च्या डिसेंबरातल्या आगीत मोजक्या सोडून सगळ्या जळाल्या. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. सुरत-भुसावळ गाडीनं आम्ही माहेरी-सासरी वर्षानुवर्षं ये-जा करतो, पण त्याच गावी हा माणूस पुरलेला आहे हे गाडीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

गिलच्या प्रती जळाल्यावर तेच काम पुन्हा करायचं ठरलं. 1872 पासून 1885 पर्यंत, हिवाळ्याचे महिने धरून, ग्रिफिथ्स जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात असे. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. अंधाऱ्या लेण्यांत, वटवाघळांच्या सहवासात या मुलांनी सुमारे तीनशे चित्रं केली. काही तर आकारानं फारच मोठी. लक्षात घ्या, या नुसत्या नकला नव्हत्या. विशीतल्या हिंदी मुलांनी दीड हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या चित्रकारांशी समोरासमोर बसून केलेला तो अभ्यास होता. पुढच्या वर्गांना शिकायला यापरतं चांगलं साहित्य कुठलं?

पण ती चित्रं मुंबईच्या शाळेत राहिली नाहीत. त्यांचीही रवानगी लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात झाली. 1885 मध्ये तिथेही आग लागली आणि शंभरावर चित्रं गेली. एकाच कामाच्या नशिबी दोनदा आग! उरलेल्या प्रती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, गिलच्या उरल्यासुरल्या धरून दीडशेवर. 1955 नंतर त्या कायमच्या मांडणीत लावलेल्याच नाहीत. जळाल्या त्या दिसत नाहीत आणि वाचल्या त्याही दिसत नाहीत. ग्रिफिथ्सनं 1896-97 मध्ये अजिंठ्यावर दोन मोठे खंड छापले, म्हणून निदान छापील रूप जगापुढे आलं. म्हणजे मूळ भिंत, तिची हातानं केलेली प्रत आणि त्या प्रतीची छापील प्रत, अशी ही तिसरी पायरी. शिकणाऱ्यांच्या वाट्याला ती आली.

‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दूर पाठवलेल्या वस्तूंचं हे असं झालं. पण जवळ असलेल्या मूळ वस्तूचंही भलंच झालं असं नाही. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांनीही लेण्यांतल्या भिंतींवर व्हार्निश लावलं. त्या वेळी रंग खुलले. पुढे व्हार्निश पिवळं-काळं पडलं आणि पापुद्रे सुटताना रंगही सोबत घेऊन गेलं. 1920 मध्ये निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ आणावे लागले. दाखवायची घाईही वस्तूच्या जिवावर बेतते, हेही त्याच इतिहासात आहे.

मग करायचं काय? याचं एक उत्तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला सापडतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. अजिंठ्यावर त्यांनी 1932 मध्ये पुस्तक लिहिलं. आयुष्यभर जमवलेल्या चित्रांसाठी, मूर्तींसाठी आणि पुस्तकांसाठी त्यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर इमारत उभी केली, श्री भवानी संग्रहालय आणि ग्रंथालय. रविवर्म्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत मूळ कलाकृती एका खेड्यात, आणि त्याच संस्थेत पुस्तकं. चित्र पाहावं, त्याबद्दल वाचावं, परत जाऊन चित्र पाहावं. आपल्या ज्ञानभांडाराचीच कल्पना ही, फक्त दार सगळ्यांसाठी उघडं.

दुसरं उत्तर एका घरात सापडतं. महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये कोल्हापूरहून जे. जे. मध्ये शिकायला आले आणि तिथेच शिक्षक होऊन राहिले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींचं पुस्तक त्या शाळेच्या इतिहासाचं मोठं साधन आहे. त्यांची मुलगी अंबिका मूळ चित्रांच्या सहवासातच वाढली. वडिलांचं चित्र पहिल्या रेघेपासून शेवटच्या हातापर्यंत कसं होतं हे तिनं रोज पाहिलं, आणि 1931 मध्ये जे. जे. ची पदविका घेतली. मुलींनी असं शिक्षण घेणं विरळच होतं तेव्हा. तिला जे घरी मिळालं, ते ज्यांच्या घरी चित्रकार नाही त्यांना कुठे मिळणार? ते काम कॉलेजच्या ग्रंथालयाचंच आहे.

व्यवहाराच्या अडचणी मला कळतात. कागदावरच्या जलरंगाला उजेड सोसत नाही. अशा चित्रावर पन्नास लक्सच्या वर उजेड नसावा असा संग्रहालयांचा दंडक आहे. मुंबई-सुरतेच्या पावसाळ्यात बुरशी भिंतीतून येते. म्हणून सगळीच चित्रं बारा महिने टांगू नयेत. पाच-सहा काढावीत, काही महिने लावावीत, मग अंधारात विश्रांतीला ठेवून दुसरी काढावीत. पावसाळा संपला की एकेक तपासावं. आपल्या भांडारांना ही शिस्त शेकडो वर्षं जमली. पगारी ग्रंथपाल असलेल्या कॉलेजला का जमू नये?

गोडादऱ्यातली किती तरी मुलं आज संगणकावर साडीच्या डिझाईन करतात. मोर, कमळ, हत्ती, वेलबुट्टी. त्यातली पुष्कळशी अजिंठ्यातून किंवा कल्पसूत्रातून नकलेच्या नकलेनं इथवर आलेली असतात, आणि दर नकलेत मोराची मान थोडी आखडत जाते. ही मुलं हातानं कमी नाहीत. त्यांच्यातलं एखादं उद्या कलाशाळेत गेलं, तर ग्रंथालयाच्या भिंतीवर त्याला एक तरी खरं चित्र दिसावं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा विद्यार्थ्याचं असलं तरी चालेल. ब्रश कुठे अडला, रंग कुठे दुसऱ्यांदा लावला, चूक कुठे झाकली, हे त्याला जवळून पाहता यावं. पेस्तनजी आणि त्यांचे सोबती लेण्यातल्या अंधारात दिवसच्या दिवस हेच तर पाहत बसले होते.