ल्युकेमियाचा संदेश टिपणारे प्रतिपिंड

सीआरकेएल प्रतिपिंड हे पेशीतील 'सीआरकेएल' नावाचे प्रथिन नेमके ओळखणारे प्रयोगशाळेतील साधन आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, अर्थात सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनात त्याला विशेष महत्त्व आहे.

या रोगात नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बनणारे आखूड 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' १९६० मध्ये आढळले. या अदलाबदलीचा उलगडा शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी १९७३ मध्ये केला. त्यामुळे निर्माण होणारे 'बीसीआर-एबीएल' हे प्रथिन पेशीला अखंड वाढीचा संदेश देत राहते. हा संदेश पुढे नेताना ते सीआरकेएलला फॉस्फेट जोडते. साहजिकच, सीआरकेएलवर फॉस्फेट आहे की नाही हे समजले, की रोगाचा संदेश चालू आहे की बंद, हेही समजते.

त्यासाठी रक्तपेशींतील प्रथिने जेलमध्ये विजेच्या साहाय्याने वेगळी केली जातात. फॉस्फेट जोडलेले सीआरकेएल किंचित मंद गतीने सरकते. त्यामुळे प्रतिपिंड लावल्यावर त्याचा पट्टा वेगळा उमटतो.

बीसीआर-एबीएलला रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला अमेरिकेत मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. मात्र प्रगत अवस्थेतील अनेक रुग्णांचा रोग काही काळाने उलटत होता. त्याच वर्षी चार्ल्स सॉयर्स यांच्या लॉस एंजेलिस येथील गटाने अशा रुग्णांच्या पेशी तपासल्या. तपासलेल्या सर्व रुग्णांत बंद पडलेला संदेश पुन्हा सुरू झाल्याचे सीआरकेएलवरून दिसले. म्हणजे रोगाने नवी वाट धरली नव्हती. औषधच निष्प्रभ ठरले होते. नऊपैकी सहा रुग्णांच्या बीसीआर-एबीएलमध्ये एकच अमिनो आम्ल बदललेले आढळले. लक्ष्य तेच, पण औषध नवे हवे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे २००६ मध्ये डॅसॅटिनिब आले. या विशिष्ट बदलावरही चालणारे पोनॅटिनिब २०१२ मध्ये मान्य झाले.

हे प्रतिपिंड म्हणजे औषध नव्हे. रुग्णांच्या नियमित देखरेखीसाठी आज बीसीआर-एबीएल जनुकाचे प्रमाण मोजणारी पीसीआर चाचणी वापरली जाते. शिवाय प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटले, तर निष्कर्षच चुकतो. म्हणून सीआरकेएल नसलेल्या पेशींवर त्याची आधी पारख करणे आवश्यक ठरते.