स्यमंतक मणी, टॉल्किनची अंगठी आणि चोरीचा आळ

गणपतीच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. तीन रात्री जागून आम्ही 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे पुन्हा पाहिले. पीटर जॅक्सनचे हे सिनेमे २००१, २००२ आणि २००३ साली आले. शेवटच्याला ११ ऑस्कर मिळाली. तिसऱ्या रात्री फ्रोडो ज्वालामुखीच्या कड्यावर उभा असताना भाच्याने मोबाइल पुढे केला. कुणीतरी फॉरवर्ड पाठवला होता, ही सगळी कथा म्हणे आपल्या पुराणांतून चोरलेली आहे. "मामा, खरं आहे का रे हे?"

पटकन 'हो' म्हणून मोकळा होणार होतो. ऐकायला छान वाटतं ना! पण त्याच आठवड्यात चतुर्थीच्या संध्याकाळी "वर चंद्राकडे बघू नका रे" म्हणून आई दटावत होती. त्यामागची गोष्ट आठवली आणि जीभ चावली. ती गोष्टच मुळी चोरीच्या खोट्या आळाची आहे.

सत्राजिताला सूर्याने स्यमंतक मणी दिला. रोज आठ भार सोनं देणारा. कृष्ण म्हणाला, हा राजा उग्रसेनाकडे असू दे. सत्राजित नाही म्हणाला. पुढे त्याचा भाऊ प्रसेन तो मणी गळ्यात घालून शिकारीला गेला आणि परतलाच नाही. झालं! कृष्णानेच काटा काढला, अशी कुजबुज द्वारकेत कानोकानी सुरू झाली. पुरावा काही नाही, नुसता संशय. आजच्या भाषेत, फॉरवर्ड.

कृष्णाने काय केलं? चार माणसं बरोबर घेतली आणि माग काढत निघाला. आधी प्रसेन आणि त्याचा घोडा मेलेला सापडला, मग सिंहाची पावलं, मेलेला सिंह, आणि तिथून अस्वलाची पावलं थेट जांबवंताच्या गुहेपर्यंत. इतिहास लिहिणाऱ्याने याहून वेगळं काय करायचं असतं?

तर टॉल्किनचीही पावलं बघू. हा गृहस्थ १९२५ पासून ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. 'बेओवुल्फ' हे जुनं इंग्रजी काव्य त्याच्या अभ्यासाचा गाभा. गॅन्डाल्फ हे नाव जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून आलेलं. मालकाचा घात करणारी शापित अंगठी आइसलँडच्या व्होल्सुंग गाथेत आहे. फिनलंडच्या 'कालेवाला'चं तर त्याला तरुणपणापासून वेड. शिवाय १९१६ साली तो स्वतः सोमच्या लढाईत खंदकात होता, त्या महायुद्धात त्याचे जिवलग मित्र गेले. १९५४-५५ साली पुस्तक आलं, त्याआधीची ही सगळी वाट स्पष्ट दिसते. ती द्वारकेवरून जात नाही. संस्कृत, जुनी इंग्रजी आणि जुनी नॉर्स या भाषा एकाच कुळातल्या, त्यामुळे कुठे चेहरेपट्टी जुळते. पण बहिणींची नाकं सारखी असली म्हणून कुणी कुणाचं नाक चोरत नाही. आणि माणसाला वेडं करणारी वस्तू तर कुठल्याही समाजाला सुचेल.

मग तुलना करायचीच नाही? उलट, चोरीचा विषय मिटला की खरी मजा सुरू होते.

सिनेमात स्मीगल वाढदिवसाच्या दिवशीच सोबत्याचा गळा दाबतो, अंगठीसाठी. इकडे शतधन्वा झोपलेल्या सत्राजिताला मारतो, मण्यासाठी. तिकडे गॅन्डाल्फ अंगठीला हात लावत नाही. तो भला माणूस, म्हणूनच त्याला स्वतःची जास्त भीती वाटते. आणि विष्णुपुराणातला प्रसंग बघा. मणी अक्रूराकडे लपवलेला आहे. कृष्ण भर सभेत तो बाहेर काढायला लावतो. बलरामाला हवासा वाटतो, सत्यभामेला वाटतं वडिलांचा आहे, माझाच. कृष्ण म्हणतो, हा बाळगायला संयम लागतो. माझ्या सोळा हजार बायका, मी कसा लायक? आणि दादाला मद्य कुठे सोडवतंय? मणी अक्रूराकडेच राहू दे, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

फरक इथे आहे. टॉल्किन म्हणतो, असली सत्ता कुणाच्याच हातात नको, वितळवून टाका. अगदी फ्रोडोलाही शेवटच्या क्षणी ती टाकवत नाही. आपल्याकडे मणी नष्ट करत नाहीत. सत्ता राहणारच, मग ती कुणाकडे आणि कुणाच्या नजरेखाली, एवढंच ठरवायचं. नष्ट करायचा प्रयत्न झाला तो मुसळाच्या बाबतीत. त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकलं, तर त्याचं गवत होऊन उगवलं आणि त्यानेच यादव एकमेकांना मारून संपले. त्या शेवटच्या भांडणात सात्यकी कृतवर्म्याला काय काय सुनावतो? त्यात स्यमंतकाचं जुनं प्रकरणही आहे! मौसलपर्वात आहे, काढून वाचा. महायुद्धानंतर छत्तीस वर्षं झाली, तरी तो मणी कुणाच्या मनातून गेलेला नव्हता.

सिनेमात अंगठी वितळली की प्रश्न मिटतो. आपल्या कथेत ती सोय नाही. मला ही कथा जास्त कडू आणि जास्त खरी वाटते. पण 'त्यांनी आपलं चोरलं' एवढ्यावर समाधान मानलं, की आपलं काय होतं हेच वाचायचं राहून जातं. वर एका मेलेल्या प्राध्यापकावर चोरीचा आळ घेतो, तोही गणपतीच्या दिवसांत.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मणी कुणाकडे आहे ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, एवढंच ना?" एवढंच रे बाबा. आमच्या मंडळाने यंदा वर्गणीचा हिशेब अजून फळ्यावर लावलेला नाही. मी आळ घेत नाहीये. फक्त विचारायला जाणार आहे.