कैसरबागेतला बाजूबंद आणि पाचूची पारख

लखनौत राहून कैसरबाग पाहिली नाही असा मराठी माणूस विरळा. वाजिद अली शाहाने १८४८ ते १८५० या काळात उभारलेल्या त्या प्रासादसमूहाचा थोडाच भाग आज उरला आहे. १४ मार्च १८५८ रोजी इंग्रजी फौजा तेथे शिरल्या आणि लुटीला प्रारंभ झाला. लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल त्या दिवशी तेथे हजर होता. त्याने आपल्या रोजनिशीत नोंदविलेला एक प्रसंग आम्ही प्रथम वाचला तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

एका शिपायाने जवाहिराची पेटी फोडून तीतून पाचू, हिरे व मोती यांचा एक बाजूबंद बाहेर काढला आणि शंभर रुपयांस तो रसेलपुढे धरला. रसेलचे पैसे नोकराजवळ, आणि नोकर दूर छावणीत. खडे खरे असतील तर त्यांची किंमत कितीतरी अधिक होईल, हे रसेलने त्यास प्रामाणिकपणे सांगितले आणि रात्री छावणीत येऊन पैसे न्यावेत असे सुचविले. शिपायाने ते मानले नाही. रात्रीपर्यंत आपण जिवंत राहू याचाच भरवसा नाही, तेव्हा सोन्याच्या दोन मोहरा आणि रमची एक बाटली, हातोहात मिळत असेल तर बोला, असे त्याचे म्हणणे. व्यवहार फिसकटला. जाताना मात्र त्याने आठवण म्हणून मोत्या-माणकांची एक नथ रसेलला फुकट देऊन टाकली!

ह्या हकीगतीतील एका वाक्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते खडे इतके मोठे होते की, ते रत्नांचे नसून झुंबराच्या साखळीचे लोलक असावेत असे रसेलला प्रथम वाटले. हा गैरसमज लखनौत होणे अगदी स्वाभाविक. हुसेनाबादच्या छोट्या इमामबाड्यात मान वर करून उभे राहिलेल्या कोणालाही हिरव्या, तांबड्या, निळ्या काचेचा तो पसारा पाहून रसेलची बाजू पटेल. परंतु त्याचा डोळा फसण्याचे आणखीही एक कारण संभवते. युरोपात पाचूला चौकोनी, धारदार पैलू पाडण्याची रीत होती. आपल्याकडील जवाहिऱ्यांना वजन गमावणे नामंजूर. ते खड्याचा मूळ ओबडधोबड आकार राखून त्यास केवळ घोटीव करीत, ओवण्यासाठी भोक पाडीत, किंवा कुंदनात बसवून खाली चकचकीत डांक घालीत. मोठा, गोलसर, आरपार भोक पाडलेला हिरवा दगड ज्याने कधी पाहिलाच नाही, त्याला तो काचेचा मणी वाटावा यात नवल ते काय!

आपल्या पूर्वजांना पाचू चांगलाच परिचित होता. वराहमिहिराने बृहत्संहितेत मरकतासाठी पोपटाचे पीस, बांबूचे पान, केळ आणि शिरीषाचे फूल असे दाखले दिले आहेत. चारही हिरव्या छटा निरनिराळ्या आहेत, हे आपापल्या परसात डोकावणाऱ्याच्या ध्यानात येईल. मात्र मोगल आणि नबाबी खजिन्यांत पुढे जे मोठाले पाचू जमा झाले ते बहुतांशी ह्या भूमीतले नव्हेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी दक्षिण अमेरिकेतील, आजच्या कोलंबियातील, मुझो व चिवोर येथील खाणी बळकावल्या, आणि तो माल युरोपमार्गे व फिलिपाईन्समार्गे पूर्वेकडे वाहू लागला. पोर्तुगीजांचे गोवे ही त्याची एक मोठी पेठ होती. तरीही आपले व्यापारी अशा उत्तम खड्यांना ‘जुन्या खाणीचा माल’ म्हणत आणि ती खाण कोठेतरी पूर्वेस असल्याचे मानीत. २००० साली फ्रेंच संशोधकांनी निजामाच्या खजिन्यातील अशा चार पाचूंमधील प्राणवायूच्या समस्थानिकांची तपासणी केली. तीन कोलंबियाचे निघाले आणि एक अफगाणिस्तानचा. राजस्थानात पाचूच्या खाणी सापडल्या त्या १९४३ साली. (आणि पन्ना नावाचे गाव मध्य प्रदेशात आहे खरे, पण तेथे निघतात ते हिरे!)

आता पारखीविषयी. प्रथम पाहावा तो रंग. किमतीचा मोठा भाग त्यातच असतो. रंग गडद हवा, पण काळवंडलेला नको; पिवळसर झाक अधिक आली की भाव उतरतो, किंचित निळसर झाक चालते, काहींना ती आवडतेही. हा रंग क्रोमियम व व्हॅनेडियम यांच्या अत्यल्प अंशामुळे येतो. खडा पाहावा तो सकाळच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीशी, पांढऱ्या कागदावर. दुकानातील पिवळ्या दिव्याखाली कोणताही हिरवा दगड देखणा दिसतो. कुंदनातील खड्याचा तर डांक काढल्याखेरीज खरा रंग सांगू नये.

दुसरी गोष्ट आतील दोषांची, आणि येथे पाचू इतर रत्नांहून निराळा आहे. हिऱ्यात डाग शोधून आपण भाव पाडून मागतो. पाचूत मात्र चिरा, ढग, शेवाळासारखी जाळी असायचीच. फ्रेंच जवाहिऱ्यांनी तिला ‘बाग’ असे लाडके नाव दिले आहे. मोठा, गर्द हिरवा आणि आरपार निर्मळ खडा कोणी स्वस्तात पुढे केला तर आधी शंका घ्यावी. काचेत दहापट भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात, तिच्या कडा लवकर झिजतात, आणि हाताला ती पाचूइतकी थंड लागत नाही. कारखान्यात वाढविलेला पाचू मात्र रासायनिक दृष्ट्या पाचूच असतो. तो भिंगाने ओळखणे सामान्य माणसाचे काम नव्हे, त्यास प्रयोगशाळाच हवी. कोलंबियाच्या खड्यात सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी एक इवलीशी पोकळी दिसते. तीत खारे पाणी, त्यात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा चौकोनी स्फटिक! कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पाणी असे बोटातल्या अंगठीत बंद असते.

चिरा लपविण्यासाठी त्यांत तेल भरण्याची चाल फार जुनी आहे. ती लबाडी मानली जात नाही. लबाडी आहे ती विकताना न सांगण्यात, किंवा तेलात हिरवा रंग मिसळण्यात. तेल किती भरले आहे यावर भाव पुष्कळ बदलतो, म्हणून प्रमाणपत्रात ती नोंद अवश्य पाहावी. आणि वजन कॅरटमध्येच घ्यावे; कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर एकच. रत्ती मात्र कच्ची आणि पक्की, पेठेगणिक निराळी.

एवढे सगळे जमले तरी मोल निश्चित होत नाही. २००१ साली लंडनच्या लिलावात २१७.८० कॅरटचा एक मोगल पाचू १५ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. त्यावर हिजरी ११०७ हे साल व बारा इमामांची नावे असलेली शिया प्रार्थना कोरलेली आहे. लखनौकर जे नामस्मरण मोहरममध्ये ऐकतात, तेच. किंमत आली ती नुसत्या रंगाला नव्हे, त्या अक्षरांनाही. मग ज्या खड्यांचे धनी ठाऊक होते, त्यांच्या त्या धन्यांना काय मिळाले? १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांचे जवाहीर कलकत्त्यास नेऊन विकण्यात आले. ब्रह्मावर्तास दुसरे बाजीराव १८५१ साली निवर्तले तेव्हा त्यांनी सुमारे २८ लाखांची मालमत्ता मागे ठेवली असल्याचा हिशेब डलहौसीने पुढे केला, आणि कुटुंबास तेवढे पुरेसे आहे म्हणून सालिना आठ लाखांचे वेतन बंद झाले. किंमत वाढवून सांगितली की हक्क बुडतो आणि लिलावात पाडली की माल बुडतो. सरकारी मूल्यांकनाचे कागद हाताळण्यात आमची हयात गेली, म्हणून हे अंमळ अधिक झोंबते. १८५८ सरता सरता नानासाहेब आणि बेगम हजरत महल दोघेही नेपाळच्या तराईत उतरले. नानांचा नौलखा हार जंगबहादुराने तेथे अल्प किमतीत घेतला, असे सांगितले जाते.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाच्या वेळी आम्ही आजीच्या मोत्याच्या कुड्या घेऊन चौकातील एका वृद्ध जवाहिऱ्याकडे गेलो होतो. दोन्हींच्या मधोमध हिरवा खडा. त्यांतला एक निस्तेज आणि चिरलेला असल्याने तो बदलून घ्यावा, असा विचार होता. म्हाताऱ्याने कुड्या दाराशी उजेडात नेल्या, भिंग लावले, गालाला टेकवून पाहिल्या. मग म्हणाला, “साहब, जो बदलवाना चाहते हैं, वही पन्ना है.” दुसरा, स्वच्छ आणि तजेलदार, तो काचेचा होता. घरात कोणीतरी कधीतरी अडीनडीला एक खडा विकला होता आणि जागा बुजवून टाकली होती. वडीलधाऱ्यांपैकी कोणी एका शब्दाने ते बोलले नव्हते. आजोबांची नोकरी गेली ते वर्ष, की आत्याचे लग्न, याचा तर्क आम्ही परतीच्या वाटेवर करीत होतो.

कुड्या जशाच्या तशाच मुलीला दिल्या. गरम पाण्यात धुवायच्या नाहीत, चिरांतले तेल निघून जाते, एवढी सूचना मात्र आम्ही न विसरता दिली.