कागलच्या हातात होते 2064 तास

26 मार्च 2020 हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या पहिल्या कोरोना रुग्णाचा दिवस. त्याला शून्य तास धरून उलटे मोजले, दिवसाला सरळ 24 तास, तर कागलच्या दवाखान्यांना तयारीसाठी किती वेळ मिळाला होता ते दिसते.

2064 तास आधी (31 डिसेंबर 2019)
वुहानमधल्या न्यूमोनियाची खबर जागतिक आरोग्य संघटनेला लागते. कागलमध्ये या घडीला करण्याजोगे काम बिनपैशाचे होते: केसपेपरवर एक ओळ वाढवायची, ‘गेल्या 14 दिवसांतला प्रवास’.

1344 तास (30 जानेवारी)
वुहानहून केरळात परतलेली विद्यार्थिनी देशातली पहिली बाधित ठरते.

600 तास (1 मार्च)
दुबईची सहल करून पुण्याचे एक जोडपे मुंबईत उतरते आणि टॅक्सीने घर गाठते.

408 तास (9 मार्च)
पुण्याच्या नायडू रुग्णालयात दोघेही पॉझिटिव्ह. राज्यातले हे पहिले रुग्ण.

384 तास (10 मार्च)
टॅक्सीचालकही पॉझिटिव्ह. ‘परदेशातून आलात का?’ असे विचारले तर हा माणूस ‘नाही’ म्हणेल आणि ते खरेच असेल. तेव्हा प्रश्न बदलायला हवा होता: गाडीत कोणाला बसवलेत? घरी पाहुणे कुठून आले? कागल पुणे-बंगळूर हायवेवरचे गाव. ट्रकवाले, एमआयडीसीतले कामगार, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरे. परदेशातली साथ इथे यायची ती एसटीने नाहीतर ट्रॅव्हल्सने.

360 तास (11 मार्च)
जागतिक महामारी जाहीर. आता दवाखान्यातली मांडामांड: तापाच्या पेशंटला दारातच मास्क, बाकावर दाटीवाटीने न बसवता खिडकीपाशी वेगळी खुर्ची, त्याच्याजवळ एकच ठरलेली सिस्टर. पीपीई किट घालताना नव्हे, काढताना घात होतो. ग्लोव्हज उलटे करत काढायचे, मास्क सगळ्यात शेवटी, मग साबणाने हात. एकाने काढायचे, दुसऱ्याने समोर उभे राहून पायऱ्या वाचायच्या. ही तालीम पेशंट येण्याआधीच झालेली बरी. संशयित सापडला तर आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला फोन, मग रुग्णवाहिका. चिठ्ठी देऊन त्याला एसटीत बसवायचे नाही.

72 तास (23 मार्च)
याच हायवेच्या बाजूला, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या कुटुंबातले चौघे पॉझिटिव्ह. संपर्कातले धरून आकडा पुढे 26 वर गेला.

48 तास (24 मार्च)
रात्री 8 वाजता पंतप्रधानांचे भाषण, मध्यरात्रीपासून लॉकडाऊन. मास्क-ग्लोव्हजची ऑर्डर ज्याने ‘बघू नंतर’ म्हणून ठेवली होती, त्याची आता पंचाईत.

शून्य तास (26 मार्च)
कोल्हापुरात पहिला अहवाल पॉझिटिव्ह. रुग्ण पुण्याहून आलेला.

यापुढे कुठल्याही देशातून साथीची बातमी आली, की केसपेपरवर तीन रकाने हवेत: परदेश, परगाव आणि घरी आलेले पाहुणे. पहिल्यावर थांबणारा डॉक्टर टॅक्सीचालकाला सर्दीच्या गोळ्या देऊन घरी पाठवेल.